एका हाकेला ओ द्यायची नाही : 'सेलम्स लॉट' वाचून

रात्रीचे पावणेबारा वाजले असतील. जुलैचा पाऊस, खिडकीवरच्या पत्र्यावर तडतडणारा. सासूबाई कधीच झोपल्या होत्या, मिस्टर सांगलीला मुक्कामी. मी मधल्या खोलीत पुस्तक घेऊन बसले होते. पुस्तकात एक म्हातारा मास्तर आपल्या घरात असाच एकटा जागा होता. त्याच्याकडे आजारी पोरगा मुक्कामाला आलेला. सगळं घर गप्प असताना पाहुण्याच्या खोलीतून आवाज येतो. पोरगा झोपेतच कुणाला तरी म्हणतोय, ये, आत ये. मग खिडकी उघडल्याचा आवाज. आणि मग लहान मुलाचं हसू.

तेवढ्यात खाली आमचं शटर वाजलं.

"वहिनी!"

कोल्हापुरात शिवाजी पेठेत आमचं मेडिकल आहे. दुकान खाली, घर वर. सासऱ्यांनी सुरू केलेलं, गेली बावीस वर्षं मी बघते. रात्री-अपरात्री शटर वाजणं हा आमच्या घरातला रोजचा आवाज आहे. कुणाच्या पोराला ताप, कुणाला दमा, कुणाच्या वडिलांची साखर उतरलेली. बावीस वर्षांत मी पहिल्या हाकेला "आले!" म्हणून उठलेली आहे. त्या रात्री उठले नाही. पुस्तकावर हात ठेवून बसून राहिले.

माझी आज्जी राधानगरीकडची. तिनं लहानपणी घालून दिलेला नियम असा, की रात्री दारावर हाक आली तर एका हाकेला ओ द्यायची नाही. आवाज ओळखीचा असला तरी नाही, ओळखीचा असला तर मुळीच नाही. माणूस असेल तर तीनदा हाक मारेल. दुसरं काही असेल तर ते एकदाच हाक मारतं, आणि तुम्ही ओ दिली की झालं. चाळीस वर्षांत हे मला आठवलं नव्हतं. त्या रात्री आठवलं.

दुसरी हाक आली. मग तिसरी, जरा चिडून. "ओ वहिनी, पोराला ताप हाय!" मी खाली गेले. आमच्याच गल्लीतला बापमाणूस, डोक्यावर प्लॅस्टिकचं पोतं घेऊन भिजत उभा. पोराचं वजन विचारलं, तापाचं औषध दिलं, किती मिली पाजायचं ते बाटलीवर पेनानं लिहून दिलं. पैसे राहू दे म्हटलं, कारण त्याला पावसात ताटकळत ठेवल्याचं मनाला लागलं होतं.

हे पुस्तक कितपत भीती घालतं, असं मला विचारलं तर माझं उत्तर हे आहे. बावीस वर्षांची सवय त्यानं तीन हाकांपुरती मोडली.

स्टीफन किंगची ही प्रसिद्ध झालेली दुसरी कादंबरी, १९७५ सालची. त्याआधी हा माणूस अमेरिकेत मेन राज्यातल्या एका हायस्कूलवर इंग्रजी शिकवायचा. वर्गात 'ड्रॅक्युला', म्हणजे रक्त पिणाऱ्या व्हँपायरची जुनी कादंबरी, शिकवायला होती. एकदा घरी जेवताना विषय निघाला, की हा ड्रॅक्युला आजच्या अमेरिकेत आला तर काय होईल? पहिला विचार असा आला, की न्यूयॉर्कला उतरला तर कुठल्यातरी टॅक्सीखाली सापडून मरेल. पण आडबाजूच्या एखाद्या छोट्या गावात आला तर? त्या 'तर'मधून ही कादंबरी निघाली. मला हा मुद्दा फार खरा वाटतो. मोठ्या शहरात माणूस दार लावूनच बसलेला असतो. दारं उघडी असतात ती छोट्या गावातच.

गावाचं नाव जेरुसलेम्स लॉट. ऐकायला पवित्र वाटतं, पण ते पडलंय एका डुकरावरून. फार पूर्वी तिथल्या एका शेतकऱ्याचं जेरुसलेम नावाचं डुक्कर रानात पळालं आणि तिथंच माजलं. मग तो पोरांना दटवायचा, जेरुसलेमच्या रानात पाय टाकू नका म्हणून. लोक तोंडात तोडून 'सेलम्स लॉट' म्हणतात, ती भाषा आपल्याला काही परकी नाही. वस्ती हजार-तेराशेची. टेकडीवर एक पडकं घर आहे, मार्स्टेन हाउस. १९३९ साली तिथल्या ह्युबी मार्स्टेननं बायकोला बंदुकीनं मारलं आणि स्वतः गळफास घेतला. तेव्हापासून ते गावाकडं बघत उभं आहे. बेन मिअर्स नावाचा लेखक पंचवीसेक वर्षांनी या गावात परत येतो. नऊ वर्षांचा असताना पोरांनी पैज लावली म्हणून तो त्या घरात शिरला होता, आणि तिथं जे बघितलं ते त्याच्या डोक्यातून गेलेलं नाही. आता ते घर लिहून संपवावं म्हणून तो आलाय. येऊन बघतो तर घर नुकतंच विकलं गेलंय. घेणारे दोघे बाहेरगावचे. एक स्ट्रेकर, टकला, कडक कपड्यांतला, अतिशय अदबीनं बोलणारा. तो गावात जुन्या फर्निचरचं दुकान मांडतो. दुसरा त्याचा भागीदार बार्लो, ज्याला कुणीच बघितलेलं नाही.

एवढं ऐकून तुम्ही पुढचं ओळखलं असेल. ओळखून काही बिघडत नाही. लेखक स्वतःच पहिल्या पानांत सांगून टाकतो, की गाव ओस पडलंय आणि एक माणूस आणि एक मुलगा तिथून लांब कुठंतरी पळत सुटलेत. काय झालं हे कळलेलंच असतं. उरतं ते एवढंच, की हे सगळ्यांच्या डोळ्यांदेखत झालं तरी कसं.

आणि या 'कसं'साठी तो जे करतो त्यावर मी फिदा आहे. 'गाव' या नावाचं एक प्रकरण येतं आणि त्यात गावाचा एक अख्खा दिवस घड्याळाच्या काट्यावर लावलेला आहे. पहाटे चारला गोठ्यात दूध काढणारी दोन भावंडं, शाळेत जायच्या आधी. मग दूध टाकत फिरणारा म्हातारा. भाडेकरू ठेवणाऱ्या बाईच्या स्वयंपाकघरातला नाश्ता. शाळेच्या बसचा ड्रायव्हर, पोरांवर डाफरणारा. कचरा डेपोवर उंदीर मारण्यात रमलेला एक कुबडा. टेलिफोनच्या तारा जोडणारा पोरगा आणि त्याची भानगड. दुर्बीण आणि फोन घेऊन खिडकीत बसलेली मेबल वर्ट्‌स नावाची बाई, जिला गावातलं सगळं आधी कळतं. जमिनीच्या व्यवहारात कुणाला काय लागतं ते ओळखून असलेला एजंट, ज्यानं ते टेकडीवरचं घर या पाहुण्यांना मिळवून दिलंय, का दिलंय ते कुणाला सांगत नाही. आणि एका डबड्यासारख्या फिरत्या घरात राहणारी एक कोवळी आई, जी रडणाऱ्या तान्ह्या पोराला मारते आणि मग स्वतःच हबकते.

पहिल्या वाचनात कंटाळा येतो, हे कबूल केलं पाहिजे. नावं लक्षात राहत नाहीत. मी दुकानातल्या पावतीच्या मागं नावं लिहून ठेवली, कोण कोणाचं कोण. पण साधारण शंभर पानांनंतर माझ्या लक्षात आलं, की ही माणसं मला दिसायला लागलीत. कारण मी रोज हेच बघते.

मेडिकलच्या काउंटरवरून गावाची आतली बाजू दिसते. कुणाच्या घरात झोपेच्या गोळ्या वाढल्यात. कोण चिठ्ठी नसताना काहीतरी मागतं आणि नाही म्हटल्यावर न बोलता जातं. कुठल्या नव्या सुनेनं दर महिन्याला कोणती गोष्ट वर्तमानपत्रात गुंडाळून न्यायला सुरुवात केली आणि सासूला कळू नये म्हणून संध्याकाळी साडेसातलाच यायचं ठरवलं. कुणाच्या हातावर वळ आहेत आणि ती 'पायरीवरून पडले' म्हणत मलम मागते. मी यातलं काहीच कुठं बोलत नाही, बोलणारही नाही. पण मला माहीत असतं. आणि माझ्यासारखंच दूधवाल्याला वेगळं काही माहीत असतं, रिक्षावाल्याला वेगळं, धुणीभांडीवाल्या मावशींना तर सगळंच. प्रत्येकाकडं एकेक तुकडा, आणि तो प्रत्येकानं झाकून ठेवलेला.

किंगच्या गावात नेमकं हेच चालतं. प्रत्येक घर आपली एक गोष्ट लपवण्यात गुंतलेलं आहे. त्यामुळं शेजारचं घर दिवसा उघडेनासं झालं तर कुणी विचारायला जात नाही. त्यांचं त्यांना माहीत, असं म्हणून पुढं जातात. एखादा कामावर येत नाही, त्याला ताप असेल. एखादीचे पडदे बंद, तिचं नवऱ्याशी बिनसलं असेल. व्हँपायरला गाव खायला ताकद लागत नाही, गावाचा हा स्वभावच त्याला पुरतो. पुस्तकातली ही गोष्ट कळली तेव्हा मला पहिल्यांदा मनापासून भीती वाटली. तोवर एकाही दाताचा उल्लेख आलेला नव्हता.

आता दोन प्रसंग जवळून सांगते. पूर्वार्धातलेच आहेत, त्यामुळं मजा जाणार नाही.

पहिला स्मशानातला. ग्लिक घराण्यातली दोन पोरं संध्याकाळी रानातल्या वाटेनं मित्राकडं निघतात. एकच परत येतो, आणि थोड्या दिवसांत तोही दवाखान्यात मरतो. त्याला पुरायचं काम माइक नावाच्या साध्या, कष्टाळू पोराकडं आहे. मंडळी निघून गेल्यावर तो माती लोटत असतो. सूर्य उतरत चाललाय. आणि त्याच्या डोक्यात एकच गोष्ट शिरते, की खाली पेटीत त्या मुलाचे डोळे उघडे आहेत आणि ते माझ्याकडं बघतायत. लेखक काहीही घडवत नाही. माती, फावडं, उतरता उजेड, आणि तो एक विचार, पुन्हा पुन्हा. तीन-चार पानं. शेवटी हा खड्ड्यात उडी मारतो आणि आपण मनात ओरडत असतो, अरे घरी जा. मला घाम फुटला होता, पंखा चालू असताना.

दुसरा मार्क पेट्रीच्या खिडकीतला. मार्क शाळकरी मुलगा, राक्षस-भुतांची प्लॅस्टिकची मॉडेल्स जोडायचा नाद असलेला. रात्री त्याच्या वरच्या मजल्यावरच्या खिडकीबाहेर त्याचा मेलेला मित्र येऊन काच खरवडतो. म्हणतो, आत घे मला. लाडीगोडी लावून, शाळेतल्या पोरासारखं. मोठी माणसं पुस्तकात अशा वेळी शंभर शंका काढतात आणि त्यातच मरतात. हा पोरगा शंका काढत नाही. त्याला नियम माहीत आहेत, कारण त्यानं भुताच्या गोष्टी मन लावून वाचल्यात. तो आपल्या मॉडेलमधल्या खोट्या स्मशानातला प्लॅस्टिकचा क्रॉस उपटून घेतो. पुढचं वाचा. मला फक्त एवढंच सांगायचंय, की त्यानंतर तो बापाशी दोन शब्द नीट बोलतो आणि झोपून जातो. त्या झोपेनं माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लहान मुलं काय काय एकटी सोसतात आणि सकाळी दप्तर भरून शाळेला जातात.

बोलावल्याशिवाय ते आत येऊ शकत नाहीत, हा जुना नियम. परदेशी गोष्टींतला आहे असं मी समजत होते. पण आज्जीचा हाकेचा नियम आणि हा नियम एकाच विहिरीतलं पाणी आहे. दोन्हीकडं ते ओळखीच्या आवाजात येतं, दोन्हीकडं उंबरा ते स्वतः ओलांडू शकत नाही, आणि दोन्हीकडं चूक आपल्या तोंडून व्हावी लागते. छोट्या गावात ती चूक कोण करणार नाही? दाराशी शेजारचं पोर उभं आहे. आपण म्हणणारच, ये की रे आत.

एक गोष्ट वाचतानाच सुचली म्हणून इथंच लिहिते. ऑगस्ट २०१९ चा महापूर. आमच्या गल्लीत पाणी आलं नाही, पण माझा भाऊ शुक्रवार पेठेत राहतो. पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट, त्या वेळी ती ५५ फुटांच्या वर गेली. शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं आणि पुण्याकडचा रस्ता कित्येक दिवस बंद. औषधांचा माल येईना. फ्रिजमधलं इन्सुलिन मी बर्फ घालून जपत होते, कोणाला किती दिवस पुरेल याचा हिशेब करत. पाणी ओसरायला लागल्यावर एका संध्याकाळी मी भावाचं घर बघायला गेले. लाईट नव्हती. ती गल्ली मी जन्मल्यापासून ओळखते. प्रत्येक दाराला कुलूप, भिंतीवर छातीएवढ्या उंचीवर चिखलाची सरळ रेघ, आणि आवाज नाही. टीव्ही नाही, कुकरची शिट्टी नाही, पोरांची ओरड नाही. माळ्यावरच्या एका खिडकीचा पडदा बाहेर येऊन ओला लटकत होता. तिथं भूत नव्हतं, काहीच नव्हतं. पण मी भावाच्या दारापर्यंत गेले नाही, कोपऱ्यावरून परत फिरले. का फिरले ते तेव्हा मला सांगता आलं नाही.

या कादंबरीच्या शेवटाकडं गाव दिवसाढवळ्या असं होतं. दुकानांची दारं लोटलेली, रस्त्यावर गाडी नाही, आणि माणसं कुठंही गेलेली नाहीत, घरातच आहेत. ते वाचताना मला ती चिखलाची रेघ दिसत होती. आमच्या गल्लीतली माणसं पाणी उतरल्यावर परतली, गाद्या रस्त्यावर वाळत घातल्या, आठवड्यात कुकर वाजायला लागले. सेलम्स लॉटमधले परतत नाहीत. चांगली भयकथा आपल्या पोटातली अशी एखादी जुनी, नाव नसलेली भीती उचलते आणि तिला घर देते, असं मला वाटतं.

मराठी वाचकाला ही गोष्ट अगदी नवी नाही. नारायण धारपांची 'लुचाई' हिच्यावरच बेतलेली आहे. मी ती कॉलेजात असताना करवीर नगर वाचन मंदिरातून आणून वाचली होती, मूळ पुस्तक वेगळं आहे हे तेव्हा गावीही नव्हतं. १८५० सालच्या त्या वाचनालयानं आमच्या घरातल्या तीन पिढ्यांना वाचायला दिलंय आणि धारपांच्या पुस्तकांची पानं तिथं कायम मऊ पडलेली असायची. धारपांचे उपकार मी मानते. भीती मराठीत कशी बोलते हे त्यांनी दाखवलं. पण दोघांत एक फरक जाणवतो. धारपांच्या कितीतरी गोष्टींत त्यांच्या 'समर्थ' या पात्रासारखं कुणीतरी जाणतं असतं, ज्याच्या पाठीशी उभं राहिलं की वाचक सुरक्षित. किंगकडं तसा आधार नाही. फादर कॅलहन हा गावचा धर्मगुरू, हातात क्रॉस घेऊन उभा राहतो, आणि कसोटी त्या क्रॉसची न होता त्याच्या श्रद्धेची होते. एका स्वयंपाकघरात घडणाऱ्या या प्रसंगाइतकं एकाकी मी फार थोडं वाचलंय.

खटकलेलं पण सांगते. सुझन नॉर्टन, बेनची मैत्रीण. तिला लेखकानं बुद्धी दिली, मतं दिली, आईशी भांडायला लावलं, आणि ऐन वेळी तिच्याकडून असं काही करवलं की जे ती करणार नाही. इतर सगळी माणसं आतून येतात, ती मात्र कथेला हवी म्हणून येते. दुसरं, बार्लो बोलायला लागला की कमी भीतिदायक होतो. पडद्याआड होता तोवर अंगावर काटा यायचा. नंतर तो पल्लेदार भाषण करतो, पत्र लिहितो, आणि मला तो नाटकातला खलनायक वाटला. १९७९ साली यावर दोन भागांची टीव्ही मालिका निघाली, त्यात त्याला एक शब्दही दिलेला नाही. ते मला जास्त पटलं. तिसरं, शेवटचा पाव भाग शोध आणि धावपळीचा आहे. चांगला आहे, पण आधीच्या संथ, रोजच्या भीतीची सर त्याला नाही.

आणि एक इशारा, मनापासून. त्या कोवळ्या आईचं आणि तान्ह्या बाळाचं पुढं जे होतं, ती दोन-तीन पानं माझ्याच्यानं एका बैठकीत वाचवली नाहीत. पुस्तक पालथं घालून मी खाली जाऊन दुकानातली मालाची खोकी लावली, तासभर. घरात लहान बाळ असेल, किंवा नुकतंच काही गमावलेलं असेल, तर आत्ता हे पुस्तक हातात घेऊ नका. थांबा. दहावीच्या आतल्या मुलांनाही देऊ नका, कितीही हट्ट केला तरी.

इंग्रजीचं सांगायचं तर, मी मराठी माध्यमातली, डी.फार्म. पुण्याहून मुलगी सुट्टीला आली तेव्हा तिची प्रत घरी विसरून गेली, म्हणून मी सुरू केलं. चारशेच्या वर पानं आहेत आणि अक्षर बारीक. वर्णनाची इंग्रजी सोपी आहे. अडतं ते गावातल्या लोकांच्या बोलण्यात, कारण ते तिकडच्या खेड्यातल्या उच्चारांत लिहिलंय. मोठ्यानं वाचलं की कळतं. आमच्याकडं 'आलंय न्हवं' लिहिलेलं पुण्यातल्या माणसाला जसं वाचावं लागेल, तसं. मोबाईलवर शब्द बघत बघत मला सतरा दिवस लागले. कथा सप्टेंबर-ऑक्टोबरातली आहे, दिवस रोज थोडा आखडत जाणारा, आणि लेखक सूर्य किती वाजता मावळणार याचा हिशेब आपल्याकडून करून घेतो. सातव्या-आठव्या दिवशी मी दुकानात बसून सात वाजता रस्त्यावरच्या उजेडाकडं बघायला लागले. इतकं पुरेसं आहे.

संपल्यावर दुसऱ्या दिवशी मी उधारीची वही काढली. उधारीसाठी काढली नव्हती. दर महिन्याला ठरलेल्या तारखेला बीपीच्या, साखरेच्या गोळ्या नेणाऱ्यांपैकी कोण आलेलं नाही ते बघायला काढली. तीन नावं निघाली. एक मावशी इचलकरंजीला लेकीकडं गेल्या होत्या, फोनवर म्हणाल्या, "बरं वाटलं गं विचारलंस." एकानं दुसरीकडून घ्यायला सुरुवात केली होती, तो जरा ओशाळला. तिसरे काका, एकटे राहतात, त्यांचा फोन नुसता वाजत राहिला. दुपारी वाजला, संध्याकाळी वाजला.

रविवारी दुकान लवकर बंद करून मी त्यांच्या दोन महिन्यांच्या गोळ्या घेतल्या आणि गेले. वरच्या तिकटीजवळ, जुन्या वाड्यातली मागची खोली. साडेसहा वाजले होते, आभाळ भरलेलं. खालच्या बिऱ्हाडातल्या बाईला विचारलं, तर म्हणाली, "असत्याल की. मला न्हाई बघाय मिळाले चार-पाच दिस." दार लोटलेलं होतं. मी हाक मारली. आत काही हललं नाही. दुसऱ्यांदा हाक मारली. तिसऱ्यांदा मारताना माझा आवाज मला माझा वाटला नाही.

आत खाट करकरली. काठी टेकत कुणीतरी आलं. काकांच्या एका डोळ्यावर हिरवी पट्टी, मोतीबिंदूचं झालेलं, आणि पाय सुजलेला. त्यांनी उरलेला डोळा बारीक करून माझ्याकडं बघितलं, उजेड माझ्या पाठीमागं असल्यामुळं त्यांना माझा चेहरा दिसत नसावा.

"कोण ते?"

"मी मेडिकलवाली, काका. गोळ्या आणल्यात."

"आवं मग भाईर का उभ्या? या की आत."

मी चपला काढल्या.